जमीन विकली तरी पाणी गावाचंच

दिवे घाट चढून सासवडच्या पठारावर आलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना प्लॉटच्या पाट्या सुरू होतात. त्यांवर गुंठ्याचा भाव असतो, पुण्यापासूनचं अंतर असतं, खिडकीतून डोंगर दिसेल याची हमी असते. पाणी कुठून येणार, याचा उल्लेख सहसा नसतो. तो करायचा झाला तर खरं सांगावं लागेल. पाणी येणार शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीतून, वरच्या अंगाच्या पाझर तलावातून आणि ज्या माळावर गावानं उन्हातान्हात चर खणले, त्या माळाच्या पोटातून.

हा लेख पुरंदर तालुक्यातल्या, कऱ्हा नदीच्या खोऱ्यातल्या माणसांसाठी आहे. गराडे, भिवरीपासून नायगाव, पिसर्व्यापर्यंत जी गावं आज आपापल्या जमिनीचे भाव ऐकून चक्रावली आहेत, त्यांच्यासाठी. पण नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, कुठल्याही वाढत्या शहराच्या तासाभराच्या अंतरावर ज्यांचं गाव आहे त्यांनीही तो आपलाच समजून वाचावा. पुरंदरात जे आज घडतंय ते तुमच्याकडे पाच वर्षांनी घडेल.

आधी पायाखालचं बघू. आपल्या जमिनीखाली काळा पाषाण आहे. गंगेच्या मैदानासारखा शेकडो फूट जाडीचा वाळूचा थर आपल्या वाट्याला आलेला नाही. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, तेही थोडंच. एका पावसाळ्यात जेवढं मुरेल तेवढ्यावर पुढचे आठ महिने काढायचे. म्हणून या मुलखात पाणी जपायचं म्हणजे सगळी उतरणच जपायची. माथ्यावर गवत आणि झाड, उतारावर समतल चर, शेतांना ताली, ओढ्यात बंधारा, पायथ्याशी विहिरी. यातलं एकही काम एकट्यादुकट्याचं नाही. वरच्याची ताल फुटली की खालच्याची माती वाहून जाते. वरच्यानं ओढा वळवला की खालच्याची विहीर दिवाळीतच तळ दाखवते. सातबारा प्रत्येकाचा वेगळा असला तरी पाण्याचा हिशोब सगळ्यांचा एकच असतो, आणि जमिनीचा बाजार नेमका हाच हिशोब मोडतो.

पुरंदरला हे शिकवायला बाहेरून कोणी यायला नको. ज्या नियमासाठी आज उठायचं तो नियम याच तालुक्यात जन्माला आला.

1972 च्या दुष्काळात इथली हजारो माणसं सरकारी कामांवर खडी फोडत होती. तेव्हा पुण्याहून विलासराव साळुंखे हे अभियंता-उद्योजक घाट चढून आले. एवढ्या हातांनी खडी फोडण्याऐवजी पाणी अडवलं तर पुढचा दुष्काळ हलका होईल, हे त्यांना दिसलं. 1974 मध्ये त्यांनी नायगावात देवस्थानची चाळीस एकर पडीक, उताराची जमीन दीर्घ मुदतीच्या करारानं घेतली आणि ‘ग्राम गौरव प्रतिष्ठान’ उभं केलं. बांधबंदिस्ती झाली, पाझर तलाव झाला, त्याच्या खाली विहीर खणली आणि तिचं पाणी उचलून वर शेताला दिलं. जिथे कुसळंही धड उगवत नव्हती तिथे धान्य पिकलं. लोक बघायला येऊ लागले. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली आणि एकेक गाव गट करून तिच्यात येऊ लागलं.

बंधारे महाराष्ट्रात पुष्कळांनी बांधले. साळुंख्यांचं मोठेपण त्यांनी लोकांबरोबर बसून घडवलेल्या नियमांत आहे. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर मिळणार नाही, माणशी मिळेल: दर माणसाला अर्धा एकर भिजेल एवढं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. ज्याच्याकडे गुंठाभरही जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा. उसासारखं पाणी पिणारं पीक घ्यायचं नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी स्वतः उभा करायचा. पाणी वाटायला गटाचा पाटकरी, आणि त्याचा शब्द सगळ्यांवर बंधनकारक. या सगळ्यांसोबत आणखी एक नियम होता आणि तो आज प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवायला हवा: जमीन विकली तरी पाण्याचा हक्क घेणाऱ्याकडे जात नाही, तो योजनेकडे परत येतो.

नियम ठरला तेव्हा हिंजवडीत भात पिकत होता आणि सासवडला बंगल्यांची वस्ती होईल असं कुणाच्या मनातही नव्हतं. तरीही त्या माणसांनी जमीन आणि पाणी यांची गाठ सोडवून ठेवली. आज शहर दारात उभं असताना आपल्या हातात हेच सगळ्यात धारदार हत्यार आहे, आणि ते आपण म्यान करून ठेवलंय.

आता माळावर काय होतं ते पाहा. एक भाऊ दोन एकर विकतो. नवा मालक पुण्यात असतो, मुंबईत असतो, कधी परदेशात. तो काही वाईट माणूस नसतो, त्याला सुट्टीला मोकळी हवा हवी असते. तो तारेचं कुंपण घालतो आणि कुंपणाच्या आत गावाची ताल जाते, चर जातो, कधी ओढ्याचा काठ जातो. पूर्वी तालीला उंदराचं बीळ दिसलं तर येणाराजाणारा दगड लावून पुढे जाई. आता आत जायला फाटक आहे आणि फाटकाला कुलूप. पावसाळ्यात तिथूनच ताल फुटते. प्लॉट पाडणारा त्याच्याही पुढे जातो. तो उतार सपाट करतो, सरकारी पैशानं आणि गावाच्या घामानं खणलेले चर एका दिवसात जेसीबीखाली गाडतो. आतले रस्ते ओढ्यावर दोन नळ्या टाकून पुढे नेतो. पहिल्याच जोराच्या सरीत पालापाचोळ्यानं नळ्या तुंबतात आणि पाणी गरिबाच्या शेतातून वाट काढतं.

मग बोअर येतात. एकाला सहाशे फुटांवर लागत नाही म्हणून दुसरा आठशेवर जातो. वरच्या मुरमातलं पाणी गावाच्या उघड्या विहिरींत येतं, ते या नळीच्या वाटेनं खाली ओढलं जातं. पुढच्या उन्हाळ्यात विहिरी कोरड्या पडतात. आणि आपल्यातलाच एखादा शेतकरी, ज्याच्या विहिरीला अजून पाणी आहे, ती टँकरला लावतो. पिकापेक्षा टँकरचे पैसे रोख आणि लवकर येतात. त्याला दोष देणं सोपं आहे. पण त्याच्या विहिरीत आलेलं पाणी वरच्या पाच जणांच्या शेतात मुरलेलं असतं, हे त्याला कुणी ग्रामसभेत उभं राहून सांगत नाही, त्याचं काय?

माती-मुरमाचंही हेच. शहरातल्या इमारतींच्या भरावासाठी टेकड्या पोखरल्या जातात, क्रशरची धूळ अंजिराच्या पानांवर बसते. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे हे फळ या मातीत आणि या हवेतच असं होतं, हे देशानं मान्य केलं. तीच माती आपण ब्रासच्या भावानं ट्रकमध्ये भरून देतोय. गायरानांची गत आणखी वाईट. त्यांचा सातबारा कुणा एकाच्या नावावर नाही म्हणून ती कुणाचीच नाहीत असं सगळ्यांनी मनाशी धरलंय. शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या धनगराला मात्र ती कुणाची आहेत ते पक्कं ठाऊक असतं. चराईची जागा आक्रसली की सगळ्यांत आधी त्याचा कळप मोडतो.

डोंगर कापल्यावर काय होतं ते आपण पाहिलंय. 2013 च्या जूनमध्ये कात्रज बोगद्याजवळ शिंदेवाडीत कापलेल्या टेकडीवरून पाण्याचा लोंढा महामार्गावर आला आणि मोटारीतली एक आई आणि तिची लेक वाहून गेली. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजच्या डोंगरातून उतरणारा आंबिल ओढा पुण्याच्या वस्त्यांत शिरला आणि पुण्यात व आसपास वीसहून अधिक माणसं दगावली. त्याच रात्री डोंगरांच्या अलीकडे कऱ्हेलाही महापूर आला. नाझरे धरणातून प्रचंड पाणी सुटलं आणि खाली बारामतीत हजारो लोकांना रातोरात हलवावं लागलं. पाऊस असाधारण होता, हे खरं. पण असाधारण पाऊस पुन्हा येणार आहे आणि तो येईल तेव्हा आपल्या उतारावर गवत असेल की फरशी, हे आजच ठरतंय.

शहर फक्त घेत नाही, परतही पाठवतं. घाटाच्या पायथ्याशी उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावं आहेत. कित्येक वर्षं पुण्याचा कचरा तिथे येऊन पडला. विहिरींचं, बोअरचं पाणी नासलं. एकेकाळच्या बागायती गावांना प्यायला टँकर लावावे लागले. लोक रस्त्यावर उतरले, कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे शहराला आपण रोज टाकतो ते कुठे जातं याची जाणीव झाली. आणि मुळा-मुठा? खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांत मिळून 29 टीएमसीच्या वर पाणी मावतं. हवेली, दौंड, इंदापूरच्या शेतीसाठी कालव्यानं जायचं पाणी शहराची तहान वाढेल तसं घटत जातं. शहरानं वापरून सोडलेलं, अर्धवट शुद्ध केलेलं किंवा तसंच सोडलेलं पाणी नदीत येतं. पुरंदर उपसा योजना तेच मुळा-मुठेचं पाणी कोरेगाव मूळजवळून उचलून घाटावर आणते. दुष्काळी माळाला पाणी मिळालं याचा आनंद खोटा नाही. पण ज्या तालुक्यानं स्वतःचं पाणी अडवायला देशाला शिकवलं, त्याच तालुक्यानं स्वतःच्या ताली बुजवू द्यायच्या आणि वीजबिल भरून शहराचं सांडपाणी वर ओढायचं, हा सौदा आपल्या मुलांना काय तोंडानं समजावून सांगणार?

आता पुरंदरचा नियोजित विमानतळ. 2016 पासून सात गावांवर त्याची सावली आहे: पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी. तिथल्या लोकांनी आंदोलनं केली आणि लाठ्याही खाल्ल्या. विमानतळ व्हावा की नाही यावर खुद्द तालुक्यात दोन मतं आहेत आणि नोकरीची वाट पाहणाऱ्या पोराला मी गप्प बसवणार नाही. पण त्या सात गावांत खानवडी आहे, महात्मा फुल्यांच्या घराण्याचं गाव. 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना जोतीरावांनी सरकारला बजावलं होतं की रिकाम्या बसलेल्या शिपायांना आणि पोलिसांना कामाला लावून जागोजागी ताली-बंधारे बांधा, डोंगरातलं पाणी आधी शेतात मुरू द्या आणि मग उरलेलं ओढ्याला जाऊ द्या. पाणलोट विकास हे नावही जन्मलं नव्हतं तेव्हा याच मातीतल्या एका घरातल्या माणसानं तो विचार मांडला. धावपट्टी झालीच तर तिच्या भोवती हॉटेलं, गोदामं, वसाहती वाढत जातील, आणि त्यांचा घेर सात गावांपुरता राहणार नाही. बाकीच्या गावांनी स्वतःला आताच विचारावं: आमच्या ओढ्याचा, आमच्या गायरानाचा, आमच्या विहिरींचा नियम कोण करणार? आम्ही, की पुण्या-मुंबईत बसून नकाशावर रंग भरणारे?

जमीन विकणाऱ्यावर मी रागावत नाही. मुलीचं लग्न, सोसायटीचं कर्ज, दवाखान्याचं बिल, दोन वर्षं पडलेले कांद्याचे भाव, या सगळ्यांचा भार डोक्यावर असताना समोर आलेला पैसा नाकारायला सांगणं सोपं असतं ते दुसऱ्याला. शेतीचा भाव पडू देणाऱ्या धोरणांनी अर्धी जमीन आधीच विकायला काढलीय. माझं म्हणणं एवढंच की विकायचीच वेळ आली तर जमीन विका, पण तिच्यासोबत गावाचं पाणी आणि गावाचा आवाज देऊ नका.

आवाज कसा जातो हे पाहायचं तर मुळशी आठवा. 1921 मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांच्यासोबत तुरुंगात गेले. लढ्यात त्या गरीब माणसांनी कसूर केली नाही. पण बुडणाऱ्या पुष्कळ जमिनी पुण्यातल्या सावकारांच्या नावावर होत्या. राबणारा एक आणि मालक दुसरा. सावकारांना मोबदला मिळण्याशी मतलब होता, मावळ्यांना पाय रोवण्यासाठी जमीन हवी होती. लढ्याला तिथेच तडा गेला आणि अखेर धरण झालं. आज आपल्या गावचे सातबारे पुन्हा शहराच्या नावावर जात आहेत. उद्या ओढा वाचवायचा ठराव आला तर मत कोण देणार? निम्म्या शेतांचे मालक तर त्या दिवशी गावातच नसतील.

कायदे आहेत, हे आधी लक्षात घ्या. महाराष्ट्राचा 2009 चा भूजल अधिनियम 2014 पासून लागू आहे. खोल विहिरींवर बंधनं आणण्याची आणि पाणलोटाच्या पातळीवर समिती नेमून लोकांना पाण्याच्या निर्णयात घेण्याची तरतूद त्यात आहे. 2011 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढून त्या गावाला परत करा असा आदेश सगळ्या राज्यांना दिला. त्याच वर्षी महाराष्ट्रानं गायरानं इतर कामांना देण्यावर बंधन घालणारा शासननिर्णय काढला. जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. बहुतेक गावांत ती कागदावर आहे, तिचे सदस्य कोण हे सदस्यांनाही माहीत नसतं. कायदा कुणाला हलवत नाही. गाव उठलं की मग कायदा त्याच्या कामाला येतो.

उठलेल्या गावांची साक्ष आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं चराईबंदी, कुऱ्हाडबंदी केली, शेतीसाठी बोअर नको असं ठरवलं, बाहेरच्याला जमीन विकायची नाही असाही निर्णय घेतला. दरवर्षी गाव पाऊस मोजतं, पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्याप्रमाणे पिकं ठरवतं. हे काही देवानं दिलेलं वरदान नाही. मारुतीच्या देवळापुढे बसून भांडून, रुसून, मनधरणी करून केलेले ठराव आहेत ते. पुणे महानगर प्रदेशाचा विकास आराखडा 2021 मध्ये जाहीर झाला तेव्हा लोकांनी हजारो हरकती नोंदवल्या आणि पुढे तो आराखडाच बाजूला ठेवावा लागला. हरकतीचा अर्ज म्हणजे साधा कागद, पण हजारो कागद एकत्र आले की मंत्रालयाला ते वाचावे लागतात.

पुण्यात राहणाऱ्या, माळावर प्लॉट घेऊ पाहणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो, तुमच्याशीही बोलायचंय. तुमच्यातले कित्येक याच गावांतून गेलेले आहात. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गुलेन बारी सिंड्रोम (जीबीएस) या आजाराचे रुग्ण अचानक वाढले आणि बोट दूषित पाण्याकडे गेलं. यातली काही गावं 2017 मध्ये आणि काही 2021 मध्ये महापालिकेत आली. इमारती आधी आल्या, हद्द मग आली आणि शुद्ध पाण्याची व्यवस्था सगळ्यांत शेवटी, हे आपण स्वतःच्या घरात भोगलंय. तीच चूक घाटावर नेऊ नका. प्लॉट घेताना ओढ्याची नोंद विचारा. बोअरच्या आधी छपराचं पाणी साठवा. तुमच्या कुंपणात गावाची ताल असेल तर फाटकाची एक किल्ली गावाच्या पाटकऱ्याकडे द्या आणि श्रमदानाच्या दिवशी स्वतः फावडं घेऊन या. साळुंखेही पुण्याहूनच घाट चढून आले होते.

गावकऱ्यांनो, 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, या चारही दिवसांना ग्रामसभा असते. कोरम भरत नाही, सही करून माणसं निघून जातात, हे थांबवा. येत्या सभेला बायकांनी पुढच्या सतरंजीवर बसावं, कारण घागर त्यांच्या डोक्यावर असते. तरुणांनी भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचा जुना नकाशा काढून आणावा. त्यावर प्रत्येक ओढा, पाणंद आणि गायरान आहे. तो भिंतीवर लावून आज कुठे काय बुजलंय ते लाल शाईनं दाखवावं. तलाठ्याकडच्या अतिक्रमणांच्या नोंदवहीत ते चढलंय का, हे सभेतच विचारावं. आणि मग ठराव करावेत. गावच्या हद्दीत ओढा अडवून किंवा वळवून कोणताही रस्ता, प्लॉट, कुंपण होणार नाही. अमुक खोलीपलीकडे बोअर नको. विहिरीचं पाणी गावाबाहेर टँकरनं विकायला बंदी, मग विहीर सरपंचाची का असेना. प्लॉट पाडणाऱ्यानं गाडलेले चर आणि फोडलेल्या ताली त्याच्याच खर्चानं पुन्हा उभ्या कराव्यात, नाहीतर पंचायतीचा ना-हरकत दाखला नाही. आणि सगळ्यांत वर, नायगावचा नियम, जसाच्या तसा: जमीन विकली तरी पाण्याचा हक्क गावाकडे परत.

ठरावाच्या दोन प्रती करा. एक तहसीलदारांना, एक भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला, पोच घेऊन. पोच मिळाली की शेजारच्या गावात जा, कारण ओढा तुमच्या शिवेवर थांबत नाही. एका गावाचा ठराव साहेब फाईलमध्ये ठेवतील. कऱ्हेच्या माथ्यापासून नाझऱ्यापर्यंतच्या सगळ्या गावांनी एकाच मजकुराचा ठराव दिला, तर त्या फाईलवर बसण्याची कुणाची हिंमत होणार नाही. तारीख ठरवा, दवंडी द्या, आणि या वेळी सभा संपेपर्यंत कुणी उठून जाऊ नका.